परमिट दीडपर्यंत, स्पीकर दहापर्यंत

नाशिकचे कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा. शनिवारी रात्री सोसायटीच्या ग्रुपवर संताप आणि सोमवारी दीडशे सह्यांचं निवेदन: 'परिसरातील बार, डीजे, अनधिकृत शेड व टवाळखोरी तात्काळ बंद करावी.' हे फाइलला लागतं आणि तिथेच राहतं, कारण ते कुठल्याच एका टेबलाचं काम नसतं. आवाज पोलिसांचा, परवाना राज्य उत्पादन शुल्कचा, गच्चीवरचं शेड महापालिकेचं. तीन विषय, तीन अर्ज. आणि 'संस्कृती बिघडते' हे वाक्य तिन्हींतून काढा, त्यावर कारवाईचं कलम नाही.

परमिट रूमला रात्री दीडपर्यंत मुभा असते. ती दारू देण्याची, गाणी वाजवण्याची नव्हे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर स्पीकर फक्त बंदिस्त जागेत चालतो (सरकारने सूट दिलेले वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सोडून, तेही बारापर्यंतच). गच्चीवर ताडपत्री ओढली म्हणजे जागा बंदिस्त होत नाही. खरोखर बंदिस्त हॉल असला तरी आवाज हद्दीवर मोजायचा. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, खासगी जागेच्या सीमेवर ५ जास्त, म्हणजे ५०. व्यावसायिक भागात याच हिशेबाने ६०. कॉलेज रोडला पहिला वाद इथेच होतो, म्हणून आधी नगररचना विभागातून झोन दाखला (जागा निवासी की व्यावसायिक हे सांगणारा) काढून ठेवा.

आता मोजणी. मोबाइलमधलं अॅप पुरावा म्हणून टिकत नाही, पण कोणत्या रात्री जास्त आहे ते कळतं. भिंतीला चिकटून मोजू नका, परावर्तनाने आकडा फुगतो. गाणं चालू असतानाचा आणि बंद झाल्यावरचा, दोन्ही आकडे घ्या. नाहीतर 'तो रस्त्याचा आवाज' हे उत्तर तयारच असतं. सगळ्यात फसवं प्रकरण बासचं. खिडकीची काच थरथरते, फुलपात्रातलं पाणी हलतं आणि मीटर दाखवतो ४८! कारण नियमातलं मोजमाप 'ए' वेटिंगचं, म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे खोल आवाज कमी धरणारं. त्यात ६३ हर्ट्झचा आवाज तब्बल २६ डेसिबल कमी धरला जातो. त्यामुळे नुसत्या आकड्यावर भांडू नका. दहानंतर उघड्यावर स्पीकर चालू होता, हाच मुद्दा धरा. तिथे डेसिबलची गरजच नाही.

११२ ला फोन केला की बीट मार्शल (गस्तीवरचे पोलीस) येतात, आवाज कमी होतो, गाडी वळली की पुन्हा वाढतो. म्हणून सोसायटीत एक वही ठेवा: तारीख, सुरू कधी, बंद कधी, फोन किती वाजता, पोलीस आले कधी, गेल्यावर काय झालं. सोबत गॅलरीतून न कापलेला व्हिडिओ. असे तीन-चार शनिवार जमले की ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. नाव पुढे येण्याची भीती असेल तर जानेवारी २०२५ मधला मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश दाखवा: अशा तक्रारीत तक्रारदाराची ओळख मागायची नाही आणि समोरच्याला सांगायचीही नाही.

परवान्याच्या बाजूने सगळेच 'शाळा-मंदिरापासून ७५ मीटरच्या आत बार नको' हा नियम धरतात आणि तिथेच फसतात. हे अंतर गुगल मॅपवर सरळ रेषेत मोजायचं नसतं. ते दारापासून फाटकापर्यंत, पायी चालायच्या वाटेने मोजतात. त्यापेक्षा माहिती अधिकारात परवान्याचा मंजूर नकाशा मागवा. परवाना ठरावीक जागेचा असतो. गच्ची किंवा पार्किंग त्या नकाशात नसेल आणि तिथे ग्लास भरले जात असतील, तर ती सरळ परवान्याच्या अटीची मोडतोड. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा, पण एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. हकिगत लिहीत बसू नका.

सोसायटीच्या गाळ्यात नवी बीअर शॉपी येणार असेल तर सोसायटीची ना हरकत लागेल, असं सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केलं. ती ना हरकत सेक्रेटरीच्या एकट्या सहीने जाऊ देऊ नका, सर्वसाधारण सभेत ठराव घ्या.

राहिली 'आडवी बाटली', म्हणजे मतदान घेऊन परिसरातली दारूची दुकानं बंद करणं. २००८च्या आदेशाप्रमाणे मतदान मागण्यासाठी आधी २५ टक्के महिला मतदारांच्या किंवा एकूण मतदारांच्या सह्या लागतात. गावात हे जमतं. नाशकात २०१७ला ३१ प्रभाग होते आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १४ लाख ८६ हजार. म्हणजे एका प्रभागात सुमारे ४८ हजार माणसं. चार गल्ल्यांना त्रास देणाऱ्या एका बारसाठी एवढ्या प्रभागात सह्या गोळा करायच्या, आणि सही करणाऱ्या भाडेकरू ताईचं नाव अजून सिडको भागाच्या मतदार यादीत.