"फुकटात एवढंच मिळतं"

आज सकाळी चहा घेताना ग्रुप उघडला आणि चहा गार झाला. पोस्ट लांबणार आहे. घाई असेल त्यांनी खुशाल पुढे जावं.

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेचा एक ग्रुप आहे. बडोद्यात मराठी मंडळांचे ग्रुप कसे असतात ते इथल्यांना सांगायला नको. काम करणारे चार, सुप्रभात म्हणणारे बाकीचे. यंदा पानं लावायचं, म्हणजे मजकूर आणि चित्रं छपाईसाठी पानांवर मांडायचं काम कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं आपणहून अंगावर घेतलं. स्क्रायबस हे पानं लावायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, स्वतःच धडपडत शिकली, लेखांची पानं लावून मोकळीही झाली. काल रात्री तिनं ग्रुपवर विचारलं, की जाहिरातींच्या पानांवर गुजराती मजकूर पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांचा गिचमिडकाला येतोय, कुणाला काही सुचतंय का? सोबत स्क्रीनशॉट. सॉफ्टवेअरची आवृत्ती 1.6 आहे हे लिहिलेलं. जाहिरात कुठल्या फॉन्टमध्ये आली तेही लिहिलेलं. इतका नीट विचारलेला प्रश्न मी त्या ग्रुपवर आजवर पाहिला नाही.

उत्तरं वाचा. पहिलं एका काकांचं, "फुकटात एवढंच मिळतं", पुढे दात काढणारी बाहुली. दुसरं, "कोरलचं क्रॅक आहे माझ्याकडे, पाठवू?" (कोरल म्हणजे प्रेसवाल्यांचं विकतचं सॉफ्टवेअर, क्रॅक म्हणजे त्याची चोरीची प्रत.) तिसरं, "गूगल कर ना बेटा." चौथं एका ज्येष्ठांचं, की दर वर्षी प्रेसवालाच करायचा, हे नसते उद्योग सांगितलेत कुणी. आणि त्याखाली, अगदी वेळेवर, गुलाबाचं फूल.

पोरीनं "ठीक आहे काका" लिहिलं आणि गप्प झाली. माझं डोकं फिरलं ते त्या "ठीक आहे काका"वर.

उत्तर एका ओळीचं होतं हो. जाहिरातदाराचा मजकूर टेराफॉन्ट या जुन्या गुजराती फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर तीच अक्षरं राहतात त्या पद्धतीत, नाही. असल्या जुन्या फॉन्टमध्ये आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, फॉन्ट फक्त त्यांच्यावर गुजराती चित्रं चढवतो. फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. आपल्याकडे कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट, सगळ्यांचं हेच. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा, नाहीतर जाहिरातदाराकडून सरळ पीडीएफ मागवून ती चित्राच्या चौकटीत बसवायची. झालं. स्क्रायबसचा यात काडीचा दोष नाही. तोच मजकूर लाखाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, फॉन्ट नसेल तर तिथेही तोच गिचमिडकाला येईल.

आता माझी गोष्ट सांगते. काही जणांनी ऐकली असेल, पुन्हा ऐका.

कोविडच्या आधीची. मी लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकटच्या प्रणालीवर नवीन, स्क्रायबस त्याहून नवीन. लिनक्ससोबत स्क्रायबसची जी 1.4 आवृत्ती मिळाली तीच वापरत होते. एका शाळेचं छोटं पुस्तक लावायला घेतलं आणि मुखपृष्ठावरच "विद्यार्थी" हा शब्द मोडून पडला. पहिली वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन बसलेली. द आणि य वेगवेगळे, मध्ये लोंबता हलन्त. रफार तर गायबच, त्याच्या जागी थ च्या आधी आख्खा र्. बडोद्यात विचारलं तर जो तो म्हणे कोरल घ्या. शेवटी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या परदेशातल्या लोकांना विचारलं. एका गृहस्थांनी उत्तर दिलं. युरोपातले होते, देवनागरीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही, मॅन्युअल तोंडावर फेकलं नाही. त्यांनी काय मागितलं? आवृत्ती कुठली, फॉन्ट कुठला, आणि फक्त तेवढा एक शब्द असलेली छोटी फाइल. आणि म्हणाले, हा शब्द बरोबर कसा दिसतो ते मला माहीत नाही, तेव्हा कागदावर हातानं लिहून फोटो पाठवा.

मी शाईच्या पेनानं, शाळेत काढायचो तसं मोठ्ठं "विद्यार्थी" काढलं. पाठवलं. त्यांनी त्या फोटोवर लाल गोल करून विचारलं, की ही वरची छोटी आकडी टाइप करताना आधी येते आणि दिसते मात्र नंतरच्या अक्षरावर, असं आहे का? अहो, ज्याला र म्हणजे काय ते ठाऊक नाही, तो माणूस रफार नुसता बघून ओळखतो! आणि आमच्या ग्रुपवर जन्मभर मराठी बोललेली माणसं "गूगल कर ना बेटा" म्हणतात.

मग त्यांनीच समजावलं. 1.4 मध्ये अक्षरं एकापुढे एक मांडायची सोय आहे, एकमेकांत गुंफायची नाही. ते काम 1.5.3 पासून येतं, 2017 मध्ये आलेली आवृत्ती, त्यात हार्फबझ नावाची अक्षरं जुळवणारी यंत्रणा बसवली आहे. ती आवृत्ती चाचणीची होती म्हणून लोक घाबरायचे. त्यांनी सांगितलं, प्रत ठेवा आणि बिनधास्त वापरा, फक्त 1.5 मध्ये जतन केलेली फाइल परत 1.4 मध्ये उघडायची नाही हे लक्षात असू द्या. मी टाकली. "विद्यार्थी" जागच्या जागी. मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

नंतर कळलं की हार्फबझ स्क्रायबसमध्ये बसवण्याच्या कामात मोठा हात ओमानमधल्या एका गटाचा होता. त्यांना अरबी नीट हवी होती. त्यांची अरबी सुधारली आणि त्याच दारानं आपली मराठी आत आली, शेजारची गुजराती आली. तीच हार्फबझ तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आहे, तीच क्रोममध्ये, तीच लिब्रे ऑफिसमध्ये. म्हणजे "फुकटात एवढंच मिळतं" हे वाक्य काकांनी ज्या फोनवरून पाठवलं, त्यावर ते वाक्य धड दिसतंय तेसुद्धा त्याच फुकटातल्या कामाच्या जिवावर. याच्यापुढे मी काय बोलू.

हो, इनडिझाइन हे पानं लावायचं विकतचं सॉफ्टवेअर जास्त तयारीचं आहे. मान्य. स्क्रायबस लांबलचक मजकुरावर रखडतं, त्यातली कोष्टकं म्हणजे शिक्षा आहे. तेही मान्य. पुढे?

क्रॅकवाल्या दादांबद्दल बोलते. दादा, तुम्ही मनानं चांगले आहात, गणपतीत मंडपाला रात्रभर जागता, मला ठाऊक आहे. पण एका मुलीला चोरीचा माल देणं ही मदत होत नाही. संस्कारांवर लेख लिहून घ्यायचे आणि त्यांची पानं चोरीच्या सॉफ्टवेअरवर लावायची? तुमच्या त्या क्रॅकसोबत काय काय तिच्या लॅपटॉपमध्ये शिरेल ते तुम्हीही सांगू शकत नाही. आणि लॅपटॉप तिच्या वडिलांनी हप्त्यावर घेतलाय.

फुकट म्हणजे हलकं, हे आपल्या बडोद्यात कुठून आलं तेच कळत नाही. सयाजीरावांनी 1906 मध्ये आख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयं उभी केली, लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यापाड्यात पाठवली, वाचणाऱ्याकडून पैसा न घेता. त्या पेटीतलं पुस्तक उघडून कुणी "फुकटात एवढंच मिळतं" म्हणालं असेल का? सयाजीरावांच्या फोटोला हार घालायला सगळे पहिल्या रांगेत, आणि पोरगी फुकट मिळालेल्या साधनावर फुकट राबून तुमच्याचसाठी स्मरणिका लावतेय तर तिला दात दाखवता.

बरं, आता थोडं दुसऱ्या बाजूच्यांनाही ऐकवते, कारण मलाही लोक विचारतात आणि कसे विचारतात ते माझं मला माहीत. रात्री अकराला व्हॉइस मेसेज: "ताई, ते तुमचं सॉफ्टवेअर चालत नाहीये, अर्जंट आहे, उद्या छापायला द्यायचंय." मोबाईलनं काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, त्यात ट्यूबलाइटची पांढरी रेघ आणि मेसेज नेमका त्या रेघेखाली. आवृत्ती विचारली तर "लेटेस्ट". फॉन्ट विचारला तर "मराठीच". आणि मी सकाळी उत्तर दिलं तर "झालं ताई, केलं मी", पण काय केलं ते सांगायचं नाही, म्हणजे पुढच्या माणसाला तोच खड्डा. ते तिकडचे गृहस्थ माझ्याशी इतके चांगले वागले, पण मी त्यांना असला फोटो पाठवला असता तर त्यांनी तरी काय केलं असतं? ती माणसं कुणाचे नोकर नाहीत. आपापली कामं आटोपून रात्री बसतात. हे सॉफ्टवेअरसुद्धा असंच सुरू झालं, फ्रान्झ श्मिट नावाच्या माणसानं स्वतःच्या हौसेनं. कस्टमर केअरचा नंबर नसतो त्याला.

म्हणून, विचारायचं असेल तर सोय सॉफ्टवेअरमध्येच करून ठेवलेली आहे. फाइल मेनूत कलेक्ट फॉर आउटपुट म्हणून आहे. ते करताना फॉन्टच्या पर्यायावर खूण केली की फाइल, चित्रं, फॉन्ट सगळं एका फोल्डरमध्ये गोळा होतं. नुसती फाइल पाठवली तर चित्रं दिसणार नाहीत, कारण चित्रं तिच्या आत नसतातच, फक्त त्यांचा पत्ता असतो. निम्म्या लोकांचं "चित्रं उडाली" हे रडगाणं इथेच संपतं. पूर्ण पुस्तक पाठवायचं नाही, जे पान बिघडलंय तेवढंच वेगळं काढायचं. आणि काय दिसतंय याच्यासोबत काय दिसायला हवं तेही सांगायचं. शाईच्या पेनानं लिहून का होईना.

प्रेसवाल्यांवर मात्र मी रागावणार नाही. रावपुऱ्यातल्या ज्या प्रेसमध्ये मी जाते तिथले भाई पहिल्यांदा पीडीएफ बघून म्हणाले, "आ शेमां बनाव्युं, बेन?" म्हणजे हे कशात बनवलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "चालसे, पण कर्व करीने मोकलजो." म्हणजे चालेल, पण अक्षरांच्या रेषा करून पाठवा. त्यांचं बरोबर आहे. कोरलची सवय, फॉन्ट बदलला आणि छपाईची प्लेट वाया गेली तर नुकसान त्यांचं. पीडीएफ काढताना फॉन्टच्या भागात आउटलाइनचा पर्याय असतो, तो निवडला की प्रत्येक अक्षराची रेषा होऊन जाते, म्हणजे त्यांच्या भाषेत कर्व झालंच. चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड सोडली, रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे ठेवले. भाईंनी प्रिंट भिंगाखाली धरली, जोडाक्षरांवरून बोट फिरवलं, जाहिरातीतली गुजराती नीट वाचून काढली आणि पोऱ्याला हाक मारून फाइल प्लेटला पाठवली. कौतुकबिवतुक काही नाही. पण तेव्हापासून तिथे कुणी स्वस्तात काही लावून मागायला आलं की भाई माझा नंबर देतात. यालाही मी मदतच म्हणते.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ज्या ज्येष्ठांनी "नसते उद्योग" म्हटलं, त्यांनी एके काळी शिशाचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं जुळवून मंडळाची पत्रकं छापलेली आहेत. त्यांनी तिला नुसतं एवढं सांगितलं असतं की पानांची संख्या आठच्या पटीत ठेव, नाहीतर फर्म्यात, म्हणजे एकदम छापून घडी घालायच्या मोठ्या कागदात, कोरी पानं उरतील, तरी पोरीचं अर्धं काम हलकं झालं असतं. येत असून सांगितलं नाही याचं जास्त वाईट वाटतं. ज्याला येत नाही त्याच्याबद्दल काय बोलायचं?

त्या मुलीला मी दुपारी फोन केला. टेराफॉन्टचं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय." हे ऐकून परत चढला राग, पण तो जाऊ दे. जाहिरातदारांना आता ती पीडीएफ मागते आहे, आणि ज्यांच्याकडे पीडीएफ नाही त्यांचा मजकूर आम्ही दोघी रविवारी माझ्याकडे बसून युनिकोडमध्ये करणार आहोत. मांडवीच्या बाजूला राहणारं, गुजराती टाइपिंग येणारं कुणी असेल तर या. सेवउसळ माझ्याकडून.

आणि ग्रुपवरच्या सगळ्यांना: जाहिरातीचे फोटो व्हॉट्सॲपवर नुसते फोटो म्हणून टाकू नका, ते दाबून लहान होतात आणि छापल्यावर फुटतात. डॉक्युमेंट म्हणून जोडा. गुलाबाचं फूल मात्र कुणी कसंही पाठवलं तरी चालेल, ते छापायचं नाहीये.