उजवीकडे फ्रिज आहे

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता आईचा मिरजेहून फोन आला आणि तिने कसलीही प्रस्तावना न करता सांगितले, की बँक नाहीशी झाली आहे. बँकेतील पैसे नाहीसे झाले असे तिला म्हणायचे असावे, या समजुतीने मी इकडे ठाण्यात गॅसवरचे दूध उतू जाऊ दिले. परंतु तिचे म्हणणे अधिक मूलभूत होते. पैसे आहेत की नाहीत हे कळायला ते जिथे दिसत असत ती जागा आधी सापडायला हवी, आणि ती जागाच रात्रीतून कोणीतरी उचलून नेली होती. ‘निळी पट्टी नाही,’ ती म्हणाली. ‘डावीकडे काहीच नाही. मध्ये एक बाई हसते आहे.’

निळ्या पट्टीचे महत्त्व कळण्यासाठी एका वहीची हकिकत सांगणे भाग आहे. २०१८ साली, शाखेत जाण्यायेण्यासाठी लागणारे रिक्षाचे भाडे आणि गुडघे या दोहोंचा हिशेब करून आईने बँकेचे सगळे व्यवहार घरबसल्या करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा मी दोन दिवस रजा काढून मिरजेला गेले आणि दोनशे पानी वहीत तिला सर्व कृती लिहून दिल्या. ‘डावीकडच्या निळ्या पट्टीवरील चौथे नाव. त्यावर एकदाच दाबणे. मग जो प्रश्न येईल त्याला हो म्हणणे. पाचव्या नावावर कधीही न दाबणे.’ अशा एकोणीस पायऱ्या होत्या. मी पेन्सिलीने सुरुवात केली होती, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षे शिकवलेल्या बाईसमोर ते चालणारे नव्हते. पाचवीनंतर जो पेन्सिल धरतो त्याला स्वतःच्या उत्तराची खात्री नसते, असे तिचे मत आहे. तेव्हा सर्व शाईने उतरले. आईने त्यातले सहा ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारले, खाली तारीख घालून सही केली, आणि त्यानंतर प्रत्येक व्यवहार ती वही पोथीसारखी समोर ठेवून, पायरी मोठ्याने वाचून आणि मगच ती करून पार पाडला. इतक्या वर्षांत तिची एकही चूक झाली नव्हती. माझ्या सात-आठ झाल्या होत्या.

आता तिला फॉर्म १५-एच भरायचा होता. ज्येष्ठ नागरिकांनी वर्षाच्या सुरुवातीला आपल्या एकूण उत्पन्नावर कर लागत नाही असे बँकेला लिहून दिले, की बँक मुदत ठेवीच्या व्याजातून कर कापत नाही, आणि ते लिहून द्यायचे राहिले आणि व्याज ठराविक मर्यादेपलीकडे गेले, की कापते. मग तो परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. आई हा फॉर्म एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात भरते, कारण तिच्या मते शेवटच्या तारखेला काम करणारी माणसे मागच्या बाकावर बसलेली असतात.

‘वर उजवीकडे बघ,’ मी म्हटले.

‘उजवीकडे फ्रिज आहे.’

‘स्क्रीनवर, आई. वर उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतात का?’

‘भस्म लावल्यासारख्या?’

या तीन रेघांबद्दल थोडे बोलले पाहिजे. नॉर्म कॉक्स नावाच्या डिझायनरने झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकासाठी १९८१ साली हे चिन्ह काढले. यादीतल्या ओळी एकाखाली एक दिसाव्यात, एवढाच त्यामागचा सरळ विचार होता. पुढे मोबाइल आले, स्क्रीन तळहाताएवढा झाला, आणि जे मावत नाही ते या रेघांच्या मागे कोंबण्याची सोय झाली. माझी तक्रार रेघांबद्दल नाही. फोनवर जागा नव्हती म्हणून माळ्यावर टाकलेले सामान, ऐसपैस लॅपटॉपवरही माळ्यावरच राहते आणि खाली हॉल मात्र मंगल कार्यालयासारखा मोकळा दिसतो, ही माझी तक्रार आहे. बँकेच्या नव्या साईटवर पांढऱ्या जागेला तोटा नव्हता. त्या जागेत हसणारी बाई, तिच्याहून अधिक हसणारा नवरा आणि ‘आम्ही बदललो आहोत, तुमच्यासाठी!’ हे वाक्य होते. खात्यातील शिल्लक पाहून आमच्या घराण्यात आजवर कोणीही असे हसलेले नाही.

मी माझ्या लॅपटॉपवर लॉगिन केले आणि फोन खांद्यात धरून मुदत ठेवी शोधू लागले. ‘खाती’ या सदरात त्या नव्हत्या. ‘गुंतवणूक’ या सदरात विम्याची जाहिरात होती. अखेर अकरा मिनिटांनी त्या ‘माझी स्वप्ने’ या सदराखाली सापडल्या. मी हे आईला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, ‘साडेसहा टक्क्यांत कसली स्वप्ने?’

मग मी तिला भाषा मराठी करून घ्यायला सांगितले, आणि ही माझी मोठी चूक ठरली, कारण भाषांतर करणाऱ्याने शब्दकोश उघडला होता पण बँक कधी पाहिली नव्हती. पहिल्याच बटणावर ‘घर’ असे लिहिले होते. आईने त्याला हात लावायला साफ नकार दिला. ‘मला या वयात गृहकर्ज नको आहे,’ ती म्हणाली. मुखपृष्ठ, गृहकर्ज आणि घर यांतील फरक मी समजावत असताना तिने ‘ठेवी’मधली वेलांटी ऱ्हस्व काढल्याचे शोधून काढले, आणि त्यानंतर या बँकेवर विश्वास ठेवावा की नाही, अशी नवीच शंका तिच्या मनात निर्माण झाली. तेवढ्यात दोघींच्याही स्क्रीनवर ‘आपले सत्र संपले आहे’ असा निरोप आला. आईने घड्याळ पाहून सांगितले, की जूनशिवाय सत्र सुरू होत नाही, मग संपेल कसे?

त्या संध्याकाळी मी संतापून बँकेला धडा शिकवायचे ठरवले. बँकेच्या ॲपलाही त्याच रात्री हेच नवे कपडे चढवले होते, म्हणून ॲपच्या पानावर जाऊन एक तारा आणि खरमरीत मजकूर द्यावा, असा बेत होता. मनात वाक्ये तयार होती: ज्येष्ठांचा विचार केला का, जुनी निळी पट्टी काय वाईट होती, बदलासाठी बदल कशाला. पण पान उघडताच लक्षात आले, की तिथे माझा अभिप्राय आधीपासूनच होता. २०१७ सालचा, एक तारा. ‘ही निळी पट्टी कोणाच्या डोक्यातून निघाली? पूर्वीचे किती सोपे होते. कृपया जुने परत द्या.’

मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तिथे समोरच फळीवर बोर्नव्हिटाच्या डब्यात उडीद डाळ, ‘साखर’ लिहिलेल्या डब्यात पोहे आणि बिस्किटांच्या डब्यात शिवणाचे सामान असते. एका दिवाळीत माझ्या नणंदेने उत्साहाच्या भरात सगळे डबे आतल्या वस्तूंनुसार, नावे चिकटवून, उंचीप्रमाणे लावून दिले होते. ते निःसंशय अधिक सुंदर आणि अधिक तर्कशुद्ध होते. आम्ही पुढचे तीन आठवडे चहात रवा घालत होतो. डबा कुठे आहे हे मला कधी ठाऊकच नव्हते. ते माझ्या हाताला ठाऊक होते, आणि हाताला वाचता येत नाही.

अशी माणसे जगभर आहेत, याचा त्या रात्री मला मोठा आधार वाटला. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणली, म्हणजे मित्रांच्या सगळ्या हालचाली एकाच पानावर सरकत दिसू लागल्या, तेव्हा वापरणारे इतके भडकले, की निषेधासाठी तिथेच गट स्थापन झाले आणि काही दिवसांत त्यात लाखो लोक सामील झाले. मार्क झकरबर्ग यांनी त्यावर जो खुलासा लिहिला त्याच्या शीर्षकाचा आशय, शांत व्हा, श्वास घ्या, आम्ही ऐकतो आहोत, असा होता. योगवर्गाच्या फलकावर तो सहज खपला असता. पण खरी मौज पुढे आहे. हे निषेधाचे गट इतक्या वेगाने फुगले ते त्या फीडमुळेच, कारण कोण कोणत्या गटात गेले हे ती प्रत्येकाला दाखवत होती. दारू बंद करा म्हणून काढलेला मोर्चा दारूच्या दुकानाच्या पायऱ्यांवरून निघावा, तसे ते झाले.

स्नॅपचॅटने २०१८ मध्ये रूप बदलले, तेव्हा जुने परत मागणाऱ्या अर्जावर बारा लाखांहून अधिक सह्या झाल्या. विंडोज ८ मध्ये, २०१२ साली, मायक्रोसॉफ्टने डाव्या कोपऱ्यातले स्टार्टचे बटण काढून टाकले आणि कोट्यवधी उंदीर त्या रिकाम्या कोपऱ्यावर डोके आपटत राहिले. पुढच्या वर्षी बटण परत आले, पण ते दाबल्यावर जुनी यादी उघडत नसे, तर ज्या रंगीत चौकोनांना लोक कंटाळले होते त्यांच्याचकडे घेऊन जात असे. मागणी मान्य झाल्याची बातमी वर्तमानपत्रात यावी आणि शासन निर्णय वाचल्यावर डोळे उघडावेत, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. खरी यादी २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आली. व्हॉट्सॲपने फेब्रुवारी २०१७ मध्ये नावाखालची साधी ओळ काढून तिथे चोवीस तासांत विरणारी चित्रे आणली, आणि ‘सध्या व्यस्त’ असे चार वर्षे लिहून ठेवलेल्या आमच्या मामेभावाचे अस्तित्वच संपुष्टात आले. मार्चमध्ये ती ओळ परत मिळाली आणि तो पुन्हा व्यस्त झाला. तो काय करतो हे आम्हाला अजून ठाऊक नाही.

साईटची रूपे ठरवण्याच्या धंद्यातले लोक ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साईटबद्दल एक किस्सा नेहमी सांगतात. पानांची पिवळी पार्श्वभूमी त्यांनी एके दिवशी पांढरी केली, ओरडा झाला, आणि पिवळी परत आणावी लागली. मग म्हणे त्यांनी तो पिवळा रंग रोज किंचित फिका करत नेला, आणि कित्येक महिन्यांनी पान पांढरे झाले तेव्हा कोणाच्याही लक्षात आले नाही. किस्सा तंतोतंत खरा असो वा नसो, त्यातला माणूस मी ओळखते. आमचा मिरजेचा गवळी दुधात पाणी याच पद्धतीने वाढवत असे. त्याने एकदा घाई केली आणि आईने त्याला दारातून परत पाठवले. एरवी त्याची पंधरा वर्षे कोणतीच तक्रार नव्हती.

मी हे सगळे दुसऱ्या दिवशी फोनवर आईला सांगितले, अर्थात माझ्या २०१७ सालच्या अभिप्रायाचा भाग वगळून. तिने ऐकून घेतले. गवळ्याबद्दलचा तपशील तिने दुरुस्त केला. पंधरा नव्हे, बारा वर्षे. मग आम्ही पुन्हा एकदा बसलो. तीन रेघांना आम्ही ‘भस्म’ म्हणायचे ठरवले, ‘घर’ बटणाला अजिबात हात लावायचा नाही असा करार केला, आणि ‘माझी स्वप्ने’ उघडून, उजवीकडे खाली, पुन्हा खाली, फिकट राखाडी अक्षरांत लपलेला फॉर्म १५-एच शोधून काढला. ‘सादर करा’ दाबल्यावर हिरवी खूण आली. आईने ती खूण एखाद्या इन्स्पेक्शनच्या शेऱ्यासारखी दोनदा वाचली.

‘आता पुन्हा पहिल्यापासून सांग,’ ती म्हणाली. ‘लिहून घेते. नवे पान काढले आहे.’

मी सुरुवात केली. पहिली पायरी, भस्मावर दाबणे. पलीकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. नुसते टेबलाचे खण उघडल्या-मिटल्याचे ऐकू येत होते.

‘काय शोधते आहेस, आई?’

‘थांब जरा,’ ती म्हणाली. ‘खोडरबर मिळाले. पेन्सिल मिळेना.’