शोले ओव्हररेटेड आहे हे चारचौघांत कसं सांगावं

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा, पिक्चर ओव्हररेटेड आहे म्हणायला तो पूर्ण बघायची काहीएक गरज नाही. उलट पूर्ण बघितलात तर घोटाळा होतो, मध्येच कुठेतरी तो आवडायला लागतो आणि मग झालं, बसा बोंबलत. इंटरव्हलपर्यंत बघा, मग मोबाईल काढा, आणि शेवटी कोण मरतं ते कुणाला तरी विचारून घ्या.

पिक्चर निवडताना मात्र ज्याच्यात लोकांचा जीव अडकलाय असाच निवडा. कुणी न पाहिलेल्या सिनेमाला ओव्हररेटेड म्हणून काय फायदा, कुणाला राग तरी यायला नको का? सैराट बरा आहे पण तो आता थोडा झिजलाय, २०१६ पासून "फर्स्ट हाफ मस्त, सेकंड हाफ खेचलाय" हे वाक्य इतक्या जणांनी वापरलंय की त्यात काही दम राहिला नाही (आणि हे बोलणारे सगळे हळदीला झिंगाट लागलं की सगळ्यात पुढे, शर्ट घामाने भिजेपर्यंत). त्यामुळे शोलेच घ्या. सोय अशी की प्रत्येक घरात एक काका असतात ज्यांनी तो मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला सेव्हंटी एमएममध्ये पाहिलेला असतो, आणि नाणं उडवायच्या सीनला पब्लिक खरं नाणं पडलं समजून खुर्चीखाली वाकून शोधायचं हे ते दर लग्नात सांगतात. त्यांचं नाणं खाली पडायच्या आत तुम्ही म्हणायचं, "काका, पण पेसिंगचा प्रॉब्लेम आहे हो त्यात." पेसिंग म्हणजे काय असं काका विचारणार नाहीत. विचारलंच तर "ते एडिटिंगमध्ये कळतं" म्हणून जिलेबी घ्या.

आता एक बारीक अडचण आहे. शोले फालतू आहे हे १९७५ च्या ऑगस्टमध्येच सांगून झालंय, समीक्षकांनी झोडपला होता, धंद्यातले लोक पडला म्हणत होते, शेवट बदलून जयला जिवंत ठेवावं का इथपर्यंत चर्चा गेलेली. नंतर तोच पिक्चर एकट्या मिनर्व्हाला पाच वर्षांहून जास्त चालला. म्हणजे तुमचं बंडखोर मत पन्नास वर्षं शिळं आहे, पण ते कुणाला माहीत नसतं, तुम्ही बिनधास्त गरम करून वाढा. आणि कुणी जास्तच हुशार निघाला तर त्याला फिल्मफेअर ऐकवा, एवढ्या मोठ्या पिक्चरला फिल्मफेअर मिळालं फक्त एक. ते कशासाठी हे अजिबात सांगू नका, कारण ते होतं एडिटिंगसाठी, एम. एस. शिंदेंना, आणि मग तुमचं पेसिंग तिथंच संपतं.

ओव्हररेटेड झालं की लगेच अंडररेटेड हाताशी पाहिजे. इथे कुणाला तपासता येणार नाही असाच माल ठेवा. हंगेरीच्या बेला तारचा १९९४ चा एक सिनेमा आहे, सात तासांच्या वर, ब्लॅक अँड व्हाइट, पाऊस आणि चिखल. "तो बघ, मग बोलू" एवढं म्हटलं की समोरचा पुढच्या लग्नापर्यंत भेटत नाही.

पण नुसत्या मतांवर किती दिवस काढणार, कधीतरी ट्रेलर बनवायला लागतो. फॅन ट्रेलर, म्हणजे दुसऱ्याच्या पिक्चरचे तुकडे जोडून आपणच कापलेला. अमेरिकेत एका एडिटरने २००५ मध्ये एका भुताळी हॉटेलच्या पिक्चरचा असा गोडगुलाबी फॅमिली ट्रेलर कापला होता की बाप-लेकाची मायाळू स्टोरी वाटावी, तेव्हापासून हा रोग आहे. आपण उलटं करायचं. अशी ही बनवाबनवी घ्या, १९८८ चा, आणि त्याचा थ्रिलर करा, मटेरियल सगळं तयारच आहे: चार जण, एक खोली, खोटी नावं, घरमालकीणबाईंना काही पत्ता नाही. कुठल्यातरी चॅनलचा लोगो कोपऱ्यात असलेली अस्पष्ट प्रिंट उतरवा, वरखाली काळ्या पट्ट्या मारा म्हणजे बजेट वाढतं, रंग निळा-हिरवा करा, लक्ष्मीकांतने साडीत मान वळवली की स्पीड तीस टक्के आणि खालून "ढुम्मम". मग काळी स्क्रीन. "या दिवाळीत". परत ढुम्मम.

अशोक सराफचा क्लोजअप मात्र चुकूनही घेऊ नका. कितीही स्लो करा, कितीही निळा करा, व्हायोलिनं घाला, हॉरर घाला, तो माणूस नुसता बाजूला बघतो आणि तुमचा थ्रिलर मेला. रात्री दोनला हेडफोन लावून तुम्ही ती एक नजर मागेपुढे करत बसणार, कुठल्या फ्रेमला कापली तर हसू येणार नाही ते शोधत, आणि तशी फ्रेम सापडत नाही. अशा वेळी एक क्षण वाटेल की हे लोक ग्रेट होते. पाणी प्या, जाईल.

कमाईचं विचाराल तर जपून. नसलेल्या पिक्चरचे ट्रेलर टाकून कोट्यवधी व्ह्यूज मिळवणारी दोन मोठी चॅनलं होती, त्यातलं एक भारतातूनच चालायचं, २०२५ च्या मार्चमध्ये यूट्यूबने त्यांचे जाहिरातीचे पैसे बंद केले. त्याआधीची गंमत म्हणजे काही स्टुडिओ ते व्हिडिओ काढायला सांगायच्या ऐवजी त्यांच्या जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवत होते. म्हणजे खोट्या ट्रेलरचं पोरगं नकोय, पण त्याचा पगार चालतोय. तुमचं प्रकरण तिथवर जाणार नाही, तुम्हाला त्या ढुम्ममवरच कॉपीराइटचा क्लेम येईल.

मग तो फॅमिली ग्रुपवर टाका. मावशी पाच मिनिटांत दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड करतील, "बनवाबनवी परत येतोय दिवाळीला, सगळे मिळून जाऊ", खाली कोण कोण येणार त्याची यादी सुरू, बारा जण, काकांना कोपऱ्याची सीट. त्यांना काही सांगू नका. दिवाळीला अजून वेळ आहे, तोवर पोस्टर बनवून टाका.