दिवा नेमका कोणासाठी?

परवा कट्ट्यावर वाद पेटला तो अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाजवळील इस्ला दे लोस एस्तादोस या जवळपास निर्जन बेटावरच्या दीपगृहावरून. तेथे सान हुआन दे साल्व्हामेंतो येथे १८८४ मध्ये बांधलेले लाकडी दीपगृह १९०२ मध्ये विझवण्यात आले, पुढे ते मोडकळीस आले, आणि १९९८ मध्ये आंद्रे ब्रॉनर या फ्रेंच माणसाने साथीदारांसह त्याच जागी त्याची प्रतिकृती उभारली. मास्तरांना हा खटाटोप मनापासून आवडला होता; जहाजांवर नोकरी केलेल्या कॅप्टनला मात्र तो मुळीच मान्य नव्हता.

"मास्तर, ते बंद का पडले ते आधी पाहा," कॅप्टन म्हणाला. "डोंगर आणि धुके यांच्या आड त्याचा उजेड जहाजांना नीट दिसत नव्हता, म्हणून तर जवळच्या आन्यो नुएव्हो बेटसमूहात दुसरे दीपगृह बांधून हे बंद केले. जी जागा तेव्हाच चुकली, तिथेच ते पुन्हा बांधण्यात कसले शहाणपण? आपल्या मुंबईजवळच्या खांदेरी बेटावरचे दीपगृह १८६७ पासून काम करीत आहे. त्याला कोणी कादंबरीचा टेकू दिलेला नाही."

कादंबरीचा हा टोमणा मास्तरांना झोंबला. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नने या बेटावर कधीही पाऊल न ठेवता लिहिलेली आणि त्याच्या मृत्यूनंतर १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेली या दीपगृहावरची कादंबरी नसती, तर हे दीपगृह जगाच्या ध्यानातही राहिले नसते, हे त्यांनी ठासून सांगितले. शिवाय ज्या दिव्याकडे बघत खलाशांनी वादळे काढली तो पुन्हा लागावा, यासाठी उपयुक्ततेचा हिशेब कशाला हवा, असेही त्यांनी विचारले.

मला दोघांचेही अर्धे पटले. जागा चुकीची होती म्हणूनच प्रतिकृती तिथे हवी, कारण तो उजेड डोंगराआड कसा अडत असे हे फ्रान्समधील ला रोशेलजवळ उभारलेली दुसरी प्रतिकृती पाहून कळणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. सान हुआन येथे दीपगृहाबरोबर तुरुंगही होता, आणि तेथून सुरू झालेली कैद्यांची वसाहत पुढे १९०२ मध्ये अर्जेंटिनातल्याच उशुआइया या गावी हलवण्यात आली. व्हर्नच्या कथेत चाचे आहेत आणि दीपगृहाचे रक्षक आहेत, कैदी मात्र नाहीत. आणि पुनर्बांधणी झाली ती नेमकी कथेत असलेल्या वास्तूचीच. उशुआइयाच्या जुन्या तुरुंगातील संग्रहालयात या दीपगृहाचीही प्रतिकृती आहे, म्हणजे दिवा आणि गजाआडची माणसे तिथे निदान एका छपराखाली आली आहेत.

"मग बेटावर तुरुंगही बांधायचा का?" मास्तरांनी वैतागून विचारले. मी म्हटले, बांधू नये, पण कैदी कुठे राहत होते ते दाखवणारी एक पाटी तरी लावावी. "आणि ती वाचायला तिथे जाणार कोण?" कॅप्टनने विचारले आणि चहाचे पैसे द्यायला उठला.