केळीचं खोड आणि शून्यता

‘शून्यतेबाबत सगळे बौद्ध पंथ एकच सांगतात, फरक फक्त मांडणीचा’ हे शून्यतेवरच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. शून्य कशाचं, यावरच तर खरा वाद आहे. संयुत्तनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात संस्कारांना (म्हणजे मनाच्या घडणींना, प्रवृत्तींना) केळीच्या खोडाची उपमा आहे. रावेर-यावलकडच्या कुणालाही ती सांगावी लागणार नाही: न निसवलेलं (घड न आलेलं) खोड सोलत जा, सोपटामागून सोपट निघतं, आत कठीण गाभा लागतच नाही. थेरवादात, म्हणजे पाली ग्रंथ मानणाऱ्या पंथात, याचा अर्थ, माणूस ज्यांचा बनतो त्या पाच स्कंधांत (शरीर, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान) ‘मी’ नाही आणि ‘माझं’ही नाही. सर्वास्तिवादी (आणखी एक जुना पंथ) म्हणतात, गाभा नसला तरी सोपटं खरी. धर्मांना, म्हणजे अनुभवाच्या मूळ घटकांना, स्वतःचा स्वभाव (स्वतंत्र, मूळचं स्वरूप) आहे. माध्यमिक पंथाचे आचार्य नागार्जुन तेवढंही मान्य करत नाहीत. सोपटंही कारणांवर अवलंबून, म्हणून निःस्वभाव.

योगाचार या विज्ञान म्हणजे जाणीव मुख्य मानणाऱ्या पंथाला तर लेखात एक ओळही नाही! त्याचे आचार्य असंग-वसुबंधू यांच्या मते शून्यता ग्राह्य-ग्राहक (जाणलं जाणारं आणि जाणणारा) या द्वैताची. परतंत्र, म्हणजे कारणांवर अवलंबून असलेला, विज्ञानप्रवाह (जाणिवांचा प्रवाह) उरतो, तोही क्षणोक्षणी बदलणारा. माध्यमिकांचा आक्षेप नेमका त्या उरण्यावर. आणि शून्यता म्हणजे ‘काहीच नाही’ असं धरलं, तर चार आर्यसत्यंही कोसळतात. मूलमध्यमककारिका या आपल्या ग्रंथाच्या २४व्या प्रकरणात हाच आक्षेप आधी मांडून नागार्जुन तो खोडतात.