साडेतीन इंची काडतुसाचा बाऊ

टेक्ससच्या उत्तर टोकाला, पॅनहँडलमध्ये, सँडहिल क्रेन या करड्या, उंच पक्ष्याच्या शिकारीचा मोसम जवळ आला की एक सल्ला हमखास कानावर येतो. बंदुकीच्या दुकानात येतो, शिकारीच्या तळावर येतो, आणि हल्ली डॅलस-ह्यूस्टनकडच्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅपवर चक्क मराठीतही फिरतो. थोडक्यात असा: "क्रेन म्हणजे चिलखत घातलेला पक्षी. १० बोअर किंवा १२ बोअरचं साडेतीन इंची काडतूसच हवं, छर्रा टी नंबरचा, नळीला फुल चोक. मग ६०-७० यार्डांवरूनही पडतो. याहून कमी घेऊन जाणं म्हणजे पक्षी जायबंदी करणं." (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद. टी, बीबी, एक नंबर, दोन नंबर ही छर्र्यांची उतरती मापं. चोक म्हणजे नळीच्या टोकाची अरुंदी, ती जितकी जास्त तितके छर्रे एकवटून जातात.)

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनी हा विषयच संपवला. इथे मात्र मोसम, परमिट आणि दिवसाची मर्यादा ठरवून दिलेली शिकार आहे, त्यामुळे नवखे लोक असले सल्ले शब्दशः घेतात आणि दीड-दोन हजार डॉलर मोजून मोकळे होतात.

"चिलखत घातलेला पक्षी." उभा क्रेन बघितला की खरंच छाती दडपते. पण त्या उंचीत पाय आणि मान किती आणि धड किती, हे हातात घेतल्यावर कळतं. पश्चिम टेक्ससमध्ये हिवाळा काढणारे बहुतेक क्रेन धाकट्या उपजातीचे, म्हणजे साधारण तीन-चार किलोचे. थोरल्या उपजातीचा नर पाच-सहा किलोपर्यंत जातो. मोठा कॅनडा गूजही (रानटी हंस) याच वजनात येतो, आणि तो तीन इंची काडतुसाने पडतो हे इथे कोणालाच नवीन नाही. या पक्ष्याच्या मजबूतपणाची जी ख्याती आहे, ती बरीचशी लांबून टाकलेल्या बारांमुळे झालेली आहे.

आता साडेतीन इंच. ही लांबी १९८८ मध्ये बाजारात आली, मॉसबर्गची ८३५ ही बंदूक आणि फेडरलचं काडतूस अशी जोडी. त्यामागचं कारण खरं होतं. बदक-गूजसाठी शिशावर बंदी येऊ घातली होती आणि पोलादी छर्रा हलका. शिशाची घनता ११ च्या वर, पोलादाची ८ च्याही खाली. हलका छर्रा वेग लवकर गमावतो म्हणून तो दोन मापांनी मोठा घ्यायचा, आणि मोठे छर्रे पुरेसे मावावेत म्हणून काडतूस लांब करायचं. म्हणजे लांबीने मिळते ती जागा. छर्र्याला जास्तीचा जोर मिळत नाही. तीन इंचीतला बीबी आणि साडेतीन इंचीतला बीबी सारख्याच वेगाने सुटला, तर ४० यार्डांवर दोघांची मार सारखीच.

फरक पडतो तो संख्येत. पोलादी बीबी औंसाला साधारण ७२ बसतात. तीन इंची, सव्वा औंसाच्या काडतुसात झाले ९०. साडेतीन इंची, दीड औंसात १०८. अठरा छर्रे जास्त, हे मान्य. पण सल्ला बीबीचा नाहीये, टीचा आहे. टी औंसाला ५२ च्या आसपास, म्हणजे दीड औंसात ७८. खांदा फोडणारा धक्का सोसून, जास्त पैसे देऊन, साध्या तीन इंची बीबीपेक्षा बारा छर्रे कमी! बीबीहून बारीक असा दोन नंबरचा छर्रा घेतला असता तर त्याच सव्वा औंसात १५६ मिळाले असते. टीचा एकेक छर्रा बीबीपेक्षा जड असतो हे खरं, पण तो लागला तर. त्या विरळ पसाऱ्यातून मान आणि डोकं सहज निसटतं, आणि पंखाचं टोक नाहीतर पोट तेवढं सापडतं. जायबंदी पक्षी असाच तयार होतो.

धक्क्याचं तर कोणी बोलतच नाही. हलक्या पंप बंदुकीतून (हाताने दांडा मागेपुढे करून काडतूस भरायची) साडेतीन इंची पाच-सहा बार काढा, सातव्याला तुमचं बोट घोड्यावर जाण्याआधी डोळे मिटतील. क्रेनवर बऱ्याचदा लगेच दुसरा बार टाकावा लागतो, त्यासाठी नळी लगेच पुन्हा पक्ष्यावर यायला हवी. गॅसवर चालणारी, पुढचं काडतूस आपोआप भरणारी जरा वजनदार सेमी-ऑटो आणि तीन इंची काडतूस, हे माझ्या मते नव्या माणसाला सर्वांत सोयीचं. घरात रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० ही पंप बंदूक पडून असेल तर तेही उत्तम. फक्त नळीवर चेंबरची (काडतूस बसतं त्या कप्प्याची) लांबी कोरलेली असते ती वाचून घ्या, जुन्या बंदुकींत ती पावणेतीन इंचही असते. १० बोअर ही कायद्याने चालणारी सर्वांत मोठी बंदूक. ती दिवसभर मक्याच्या शेतात वाहून नेण्याची हौस असेल त्याने जरूर न्यावी.

एक आडवळण, पण आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक जवळ बाळगणं हाच केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. त्यामुळे "आधी बंदूक घ्या, बाकीचं नंतर" हा क्रम उलटा आहे. क्रेनसाठीचं वेगळं परमिटही मोसमाआधीच काढून ठेवा.

"६०-७० यार्डांवरूनही पडतो." खरी गोम इथे आहे. पाच-सहा फुटांचा पंखविस्तार असलेला पक्षी आहे त्यापेक्षा जवळ भासतो. बदकांच्या सवयीने अंतर मोजणाऱ्याला ६० यार्ड ४० वाटतात. शिवाय पंखांची हालचाल संथ, म्हणून पक्षी तरंगतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तो ताशी ४० ते ५५ किलोमीटरने चाललेला असतो. आडव्या जाणाऱ्या क्रेनवर ४० यार्डांवरून बार टाकला, तर छर्रे पोहोचेपर्यंत तो दीड मीटर पुढे गेलेला असतो. नेम चोचीच्याही पुढे धरावा लागतो, आणि नवखा नेमका धडावर धरतो. बंदूक कितीही मोठी असली तरी मागे गेलेला बार मागेच जातो.

उपाय कंटाळवाणा आहे. डिकॉयपासून (पक्ष्यांना भुलवायला मांडलेल्या प्रतिकृतींपासून) ३० आणि ४० यार्डांवर काहीतरी खूण ठेवायची, ज्वारीचं उपटलेलं ताटही चालतं (इथे तिला मायलो म्हणतात आणि क्रेन तिच्यावर तुटून पडतात). पक्षी खुणेच्या आत येऊन पाय खाली सोडेपर्यंत लपणातून हलायचं नाही. त्या अंतरात बीबी, एक किंवा दोन नंबर, काहीही पुरतं.

लांबच्या बारांना माझा विरोध आणखी एका कारणाने आहे. हूपिंग क्रेन, म्हणजे अत्यंत दुर्मिळ आणि कायद्याने संरक्षित क्रेन, याच वाटेने येतात, कधीकधी सँडहिलच्याच थव्यात. पांढरा पक्षी, पंखांची टोकं काळी, पण पिल्लाच्या अंगावर तांबूस पिसं असतात. पहाटेच्या धूसर उजेडात ७० यार्डांवरून करडं कुठलं आणि पांढरं कुठलं? कॅन्ससमध्ये याच कारणासाठी क्रेन ओळखण्याची परीक्षा द्यावी लागते. आणि सँडहिलचंही म्हणाल तर जोडीचं वर्षाला बहुधा एकच पिल्लू जगतं. जखमी होऊन उडून गेलेला पक्षी लवकर भरून निघत नाही.

जखमी पक्ष्याबद्दल त्या सल्ल्यातली काळजी मात्र रास्त आहे. खाली पडलेला जिवंत क्रेन भाल्यासारखी चोच थेट डोळ्यावर चालवतो. म्हणून तो निपचित झाल्याशिवाय कुत्रा सोडायचा नाही. त्यासाठीच तिसरं काडतूस राखून ठेवावं. बंदुकीत तीनच चालतात. वसंतातल्या स्नो गूजच्या खास मोसमात बंदुकीतला दट्ट्या (काडतुसांची जागा तीनवर रोखणारा) काढायची मुभा असते, क्रेनला ती नाही.

"फुल चोक." शिशाच्या जमान्यातला हिशेब. तेव्हा फुल म्हणजे ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात ७० टक्के छर्रे, मॉडिफाइड (त्याहून कमी अरुंद चोक) म्हणजे ६०. पोलादी छर्रा नळीत चपटा होत नाही, त्यामुळे तो मुळातच जास्त एकवटून जातो. मॉडिफाइड पुरतो. खात्री हवी असेल तर मोठा पुठ्ठा ४० यार्डांवर उभा करा, एक बार टाका, सर्वांत दाट जागेभोवती ३० इंची वर्तुळ काढा आणि भोकं मोजा. तेच काडतूस दुसऱ्या चोकमधून टाकून पुन्हा मोजा. एका दुपारचं काम आहे, पण दहातला एकही करत नाही.

"क्रेन बदक नाही, मग शिसं चालतं," असं त्या सल्ल्याला जोडलेलं एक शेपूट आहे. १९९१ पासूनच्या केंद्रीय बंदीत क्रेनचं नाव नाही, राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत, इथवर ठीक. पण त्याच शेतात गूज उतरले आणि तुम्ही त्यांच्यावर बंदूक उचलली, तर खिशातलं शिशाचं एक काडतूसही गुन्हा ठरतं. शिवाय क्रेनचं मांस लोक आवडीने खातात, मुलांना वाढतात. त्यात शिशाचे कण कशाला?

२० बोअरची थट्टा करणाऱ्यांसाठी एवढंच: बिस्मथ किंवा टंगस्टनचे, पोलादाहून जड छर्रे घाला आणि ३० यार्डांच्या आत राहा. खिसा हलका होईल, खांदा शाबूत राहील.

आणि कोणाकडे सासऱ्याची बेल्जियममध्ये बनलेली जुनी ब्राउनिंग ऑटो-५ असेल, तर त्या मूळ नळीतून पोलादी छर्रा मुळीच उडवू नका. कंपनीच नको म्हणते. नळी फुगते, आणि फुगलेली नळी सरळ होत नाही. तिला बिस्मथ घाला.