बदामातील अळी मेंदूत जात नाही

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरत आहे. कॅलिफोर्नियाच्या बदामांत मुद्दाम अळ्या सोडलेल्या असतात, त्या पोटातून मेंदूत शिरतात आणि म्हणून अळी दिसलीच तर ती काढून बदाम भाजून खावेत, असे तो सांगतो. वाशीच्या मसाला बाजारातून सुकामेवा नेणाऱ्या घरांना यातले शेवटचे वाक्य सर्वाधिक महागात पडेल.

अखंड कवचात अळी सापडते, म्हणजे ती मुद्दाम सोडलेली असणार, ही त्यातील मुख्य शंका आहे. कॅलिफोर्नियाच्या बागांत ‘नेव्हल ऑरेंजवर्म’ नावाचा सेंटिमीटरभर लांबीचा करडा पतंग आढळतो. बदामाचे हिरवे आवरण फळ पिकताना उकलते, त्या वेळी मादी तेथे अंडी घालते आणि नुकतीच बाहेर पडलेली, केसाएवढी बारीक अळी पातळ कवचाच्या अर्धवट मिटलेल्या शिवणीतून आत शिरते. तोडणीनंतर झाडावर राहिलेल्या वाळक्या बदामांत याच अळ्या हिवाळा काढतात, त्यामुळे तेथील शेतकरी असे बदाम हिवाळ्यात झाडून नष्ट करतात. ज्या किडीपायी हे कष्ट उपसावे लागतात, ती ते स्वतःहून कशाला सोडतील?

मेंदूचा मुद्दा थोडक्यात निकाली निघतो. मेंदूत पोहोचू शकते ती डुकरातील पट्टकृमी या परजीवी जंताची बाल्यावस्था. पतंगाची अळी हा कीटक आहे. चुकून गिळली गेली, तरी ती माणसाच्या शरीरात वाढत नाही.

खरा धोका अळीने पोखरलेल्या गरात असतो. तिने पाडलेल्या भोकांवाटे ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी आत वाढू शकते, आणि ती तयार करत असलेल्या अफ्लाटॉक्सिनमुळे यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हे विष घरगुती भाजण्याने पूर्ण नष्ट होत नाही, धुण्याने तर नाहीच. म्हणून भोक, जाळे, विष्ठेचे कण किंवा कडवट, कुबट वास आढळल्यास तो बदाम टाकून द्यावा. मुलांना मी असा एकही बदाम देणार नाही.

आपल्या डब्याभोवती उडणारा पतंग मात्र बहुधा वेगळाच, साठवणीतील ‘इंडियन मील मॉथ’ असतो. त्याच्या नावातील ‘इंडियन’ हा शब्द भारतावरून नव्हे, अमेरिकी मक्याच्या पिठावरून आला आहे. हा पतंग टाळण्यासाठी नवा सुकामेवा चार-पाच दिवस उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवून मग घट्ट झाकणाच्या बरणीत भरावा.